मातीचा घसारा

सात-बाराच्या उताऱ्यावर पुष्कळ गोष्टी असतात. गट क्रमांक असतो, भोगवटादाराचे नाव असते, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पोटखराबा असतो, आकारणी असते आणि 'इतर हक्क' या रकान्यात बहुधा एखाद्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असतो. बँकेच्या नोकरीत हा कागद मी किती हजार वेळा हातात धरला असेल याची गणती नाही. एक गोष्ट मात्र त्यावर कधी सापडली नाही. त्या जमिनीत माती किती आहे, हे तिथे लिहिलेले नसते. वर दीड हात काळी माती असो की मुरमावर वीतभर थर उरलेला असो, दोन हेक्टरांचा उतारा दोन हेक्टरांचाच निघतो.

पूर्वी असे नव्हते. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी केली तेव्हा माती प्रत्यक्ष खणून पाहिली होती. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची पहिली मोजणी फसल्यावर १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली, आणि १८४७च्या संयुक्त अहवालात प्रतवारीची पद्धत पक्की झाली. मातीच्या पोतानुसार तीन जाती धरायच्या आणि खोली हातांत मोजायची. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळीभोर माती म्हणजे सोळा आणे. तिथून उतरत नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. शिवाय खोट दिसली की प्रत खाली आणायची. चुनखडीचे खडे, वाळू, उतार या खोटी तर होत्याच, पण त्या यादीत वाहते पाणी जमिनीवरून फिरण्याचा धोका हीसुद्धा एक खोट होती. साऱ्याची रक्कम ठरवण्यासाठी हा खटाटोप होता, मातीच्या प्रेमापोटी कोणी खड्डे खणले नव्हते. तरीही हातभर माती आणि वीतभर माती यांत फरक आहे हे सरकारी दप्तराने तेव्हा मान्य केले होते. पुढे सारा नाममात्र उरला आणि ते खड्डे खणण्याचे कारणही संपले.

बँकेत घसारा नावाचा एक साधा नियम असतो. ट्रॅक्टर घेतला, पंप घेतला, की दर वर्षी त्याची किंमत काही टक्क्यांनी उतरवायची. जमिनीला मात्र घसारा नाही. हिशेबाच्या पुस्तकात जमीन ही न झिजणारी मालमत्ता, म्हणून तारणांत सर्वांत भरवशाची. मी १९९० नंतरची काही वर्षे नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. विहिरीच्या कर्जासाठी एका उताराच्या शेताची पाहणी करायला गेलो, तेव्हा तिथला म्हातारा शेतकरी मला बांधाच्या कडेला घेऊन गेला आणि नांगराचा फाळ दाखवू लागला. टोक बोथट होऊन गेले होते. "माझ्या आज्याच्या वक्ताला फाळ पुरा मातीत बुडायचा, सायेब. आता चार बोटं गेला की दगडाला ठेचतो." त्या शेतावर आधीच्या कर्जाचा बोजा होता. माती निम्मी झाली होती आणि बोजा व्याजासकट दुप्पट झाला होता. मी पाहणीच्या अहवालात मातीच्या खोलीसाठी एक ओळ स्वतःहून वाढवली. वरच्या कार्यालयाने 'विहित प्रपत्रात नसलेली माहिती देऊ नये' असा शेरा मारून तो अहवाल परत पाठवला. तो शेरा मी पुढे एका कादंबरीत वापरला. वाचकांना तो विनोद वाटला.

ही काही एका शेताची गोष्ट नाही. इस्रोच्या २०२१च्या नकाशासंग्रहानुसार देशाच्या भूभागापैकी २९.७७ टक्के, म्हणजे ९ कोटी ७८ लाख हेक्टरांहून जास्त जमीन खालावलेली आहे. साऱ्या जगाचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१५ साली मांडला. त्यात जगातल्या जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश जमीन मध्यम ते तीव्र प्रमाणात खालावल्याचे म्हटले होते. दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षेही लागू शकतात, असे हीच संघटना सांगते. आणि एवढीच माती उघड्या उतारावरून जायला काही मोजके जोरदार पावसाळे पुरतात. हप्ते पाडून द्यावे अशी ही थकबाकी नव्हे!

मग एकत्र बसून जगाने यावर काय केले? इथे एक अडचण पहिल्यापासून आहे. हवेला आणि नदीला सरहद्द नसते. एका देशाचा धूर दुसऱ्याच्या घरात शिरतो, वरच्याने पाणी अडवले की खालचा ओरडतो, म्हणून करार करावेच लागतात. माती बहुतेक वेळा जागच्या जागी असते आणि कोणाच्या तरी मालकीची असते. शेजाऱ्याची माती गेली तर आपले काय जाते, असे भावकीला वाटते तसेच ते देशांनाही वाटते.

युरोपचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मातीच्या रक्षणासाठी सगळ्या सदस्य देशांना बांधील असा एक कायदा करावा, असा प्रस्ताव युरोपीय संघात २००६ साली आला. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रिया यांनी तो अडवून धरला. आमची माती आमच्या हद्दीत आहे, तिचे आम्ही पाहून घेऊ, असा एकूण सूर होता. २०१४ साली प्रस्ताव गुंडाळला गेला. मातीवर नुसती देखरेख ठेवण्याचा कायदा संमत व्हायला २०२५ साल उजाडले. यात जर्मनीचे नाव आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण तोच देश पुढे वेगळ्या वेषात भेटणार आहे.

जागतिक पातळीवर ठराव पुष्कळ झाले. १९८१ साली अन्न व शेती संघटनेने जागतिक मृदा सनद स्वीकारली आणि २०१५ साली ती सुधारून घेतली. १९९४ साली वाळवंटीकरणाविरुद्धचा करार झाला, पण त्याचा भर कोरड्या प्रदेशांवर आहे. २०१२ साली देशांची मृदा भागीदारी स्थापन झाली. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांनी ५ डिसेंबर हा मृदा दिन ठरवला. थायलंडचे राजे भूमिबोल यांचा तो जन्मदिवस. २०१९ साली वाळवंटीकरण कराराची परिषद आपल्याकडे ग्रेटर नोएडात भरली, तेव्हा २०३० सालापर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर खालावलेली जमीन सुधारण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले. यातले बहुतेक सारे ऐच्छिक आहे. केले नाही म्हणून कोणा देशावर जप्ती येत नाही.

एवढ्यावरून हे सगळे कागदी घोडे म्हणून मोकळे व्हावे, असा मोह होतो. मला तसे वाटत नाही. खातेवही एक असल्याशिवाय व्यवहार होत नाही, हे बँकेत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अन्न व शेती संघटना आणि युनेस्को यांनी १९६१ साली जगाच्या मातीचा नकाशा हाती घेतला. पन्नास लाखास एक या प्रमाणाचा तो नकाशा पुरा व्हायला वीस वर्षे लागली. त्याआधी देशोदेशीच्या मातीला ज्याचे त्याचे नाव होते. आपल्या काळ्या मातीला इंग्रज 'रेगुर' म्हणत. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी तशीच माती सुदानात आहे, ऑस्ट्रेलियात आहे, टेक्सासमध्ये आहे. शास्त्रज्ञांनी या सगळीला 'व्हर्टिसॉल' असे एकच नाव दिले. त्या शब्दाच्या मुळाशी उलटण्याचा अर्थ आहे. भेगांतून वरची माती खाली पडते आणि पावसाळ्यात खालची फुगून वर येते, म्हणजे ही माती स्वतःलाच नांगरत असते. नाव एक झाले की एका देशातला प्रयोग दुसऱ्याच्या कामी येतो.

असा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिथल्या काळ्या रानात १९७६ सालापासून दोन पद्धतींची शेते शेजारी-शेजारी राखली आहेत. एकात जुनी पद्धत, म्हणजे पावसाळाभर रान मोकळे आणि मग रब्बी. दुसऱ्यात रुंद वरंबे आणि सऱ्या, खरिपातही पीक, खताची जोड. दुसऱ्या पद्धतीत हेक्टरी पाच टनांच्या आसपास धान्य निघत आले, जुन्या पद्धतीत एका टनाच्या आसपास. पावसाळ्यात रान उघडे नसल्यामुळे मातीही फार कमी वाहून गेली. एवढे असूनही सुरुवातीला शेतकऱ्यांनी ते उचलले नाही, कारण त्यासाठी काढलेले चाकांचे बैल-अवजार सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तीच पद्धत पुढे ट्रॅक्टरच्या बीबीएफ यंत्राबरोबर आपल्या सोयाबीनच्या रानांत आली. याच संस्थेची माणसे १९७५ सालापासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातल्या कांझरा अशा गावांत राहून घरोघरचा जमाखर्च लिहीत होती. कादंबरीकार म्हणून मला त्या वह्यांचा हेवा वाटतो.

आता नगरकडे वळतो. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळकरी होतो. खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा आणि सुकडीचा वास एवढे अजून आठवते. त्या काळात आणि नंतरही दुष्काळी कामांतून बांधबंदिस्ती पुष्कळ झाली. समपातळीचे बांध सरकारी आखणीने शेतातून तिरके गेले. ज्याच्या शेताचे दोन त्रिकोण झाले त्याने काही वर्षांत ते नांगरून टाकले. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

हे पाहणाऱ्यांत हर्मन बाखर हे जेझुइट धर्मगुरू होते. मूळचे स्वित्झर्लंडचे, १९४८ साली भारतात आलेले आणि नगर जिल्ह्यात मुरलेले. त्यांच्या खटपटीतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९२च्या सुमारास महाराष्ट्रात त्याचे काम सुरू झाले. जर्मन सरकारचा पैसा त्यांच्या विकास बँकेमार्फत नाबार्डकडे यायचा, आणि नाबार्डकडून गावाची पाणलोट समिती व स्थानिक संस्था यांच्या संयुक्त खात्यात. गावांची तयारी करून घेण्यासाठी बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ साली 'वॉटर' ही संस्था काढली. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा सर्वांच्या लक्षात राहिली, पण माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे याचा पहिला अर्थ माती अडवणे हाच आहे. माथ्यावर चर खणले नाहीत तर खालचा बंधारा दोन पावसांत गाळाने भरतो.

पैसा परदेशी असला तरी अटी गावावर होत्या. आधी श्रमदान करून दाखवायचे. मजुरीच्या खर्चाचा सुमारे सहावा हिस्सा गावाने श्रमाने उचलायचा, त्यातून भूमिहीनांना आणि एकट्या बायांना सूट. झाड तोडायचे नाही. उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यायचे नाही. आणि डोंगरावर मोकळी जनावरे सोडायची नाहीत. ही चराईबंदीची अट कागदावर एका ओळीची, पण गावात सर्वांत जड तीच.

त्या वर्षांत अशा एका गावसभेला मी मारुतीच्या देवळात बसलो होतो. ज्यांची खाली रानं होती ते अनुकूल होते, कारण डोंगरावरची माती थांबली की त्यांच्या विहिरींना पाणी वाढणार होते. मागे खांबाला टेकून एक मेंढपाळ बसला होता. सगळ्यांचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "डोंगर बंद करा, माझी ना नाही. पण मग मेंढरं काय सात-बाऱ्यावर चारू? त्यो बी माझ्याकडं न्हाई." कोणी हसले नाही. सभा त्या रात्री ठराव न करताच उठली.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत हे काम १९९६ ते २००१ या काळात झाले. तिथला अनुभव पुष्कळ लिहिला गेला आहे. आधी वर्षातून तीन-चार महिने शेतीत काम मिळे, नंतर नऊ-दहा महिने मिळू लागले. उन्हाळ्यातले टँकर बंद झाले. चराईबंदीचा भार मात्र वाड्यांवरच्या मेंढपाळांवर आणि भूमिहीनांवर जास्त पडला, आणि ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना फायदा जास्त मिळाला. पुस्तिकांत हे सहसा शेवटच्या पानावर असते. माझ्या मते ते पहिल्या पानावर हवे. माती वाचवण्याची किंमत ज्याच्याजवळ माती नाही त्याने भरायची, हा सौदा फार काळ टिकत नाही. जिथे चाऱ्याची सोय झाली, डोंगर टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि कापलेल्या गवतात हिस्सा मिळाला, तिथे मेंढपाळही कामावर आले.

जर्मनीचा वेगळा वेष म्हणालो तो हा. आपल्या घरात मातीचा कायदा नको म्हणणारा देश दूरच्या पठारावरच्या मातीसाठी अनुदान देत होता. यात ढोंग आहे असे म्हणता येईल. मला त्यात बांधील होण्याची भीती आणि मदत करण्याची सोय एवढेच दिसते. बँकेतही जामीन राहायला कोणी तयार नसतो, उसने देणारे बरेच भेटतात.

नेमक्या याच वर्षांत चीनमध्ये असेच एक काम चालले होते, पण फार मोठ्या मापाचे. पीत नदीच्या मधल्या खोऱ्यातले लोएस पठार वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळ्या मातीचे आहे. काही ठिकाणी हा थर शंभर मीटरपेक्षा जाड आहे, आणि उतारावरची शेती व शेळ्यामेंढ्यांची चराई यांनी तो उघडा पडला होता. एके काळी ही नदी वर्षाला सरासरी १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. जागतिक बँकेने १९९४ आणि १९९९ साली दोन टप्प्यांत कर्ज दिले. उतारांवर पायऱ्यांची शेते झाली, शेळ्या गोठ्यात बांधल्या गेल्या, आणि सुधारलेल्या जमिनीच्या वापराचे करार घराघराच्या नावाने झाले. नदीत जाणारा गाळ वर्षाला १० कोटी टनांहून अधिक घटला आणि २५ लाख लोक दारिद्र्यातून वर आले, असे बँक सांगते. पुढे झाडे इतकी लावली गेली की पठाराच्या पाण्यावर ताण येऊ लागला, असेही शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तिथे चराईबंदी हुकमाने झाली, आपल्याकडे देवळातल्या सभेने. हुकूम लवकर पोचतो हे खरे. तरी मला ती ठराव न करता उठलेली सभा जास्त जवळची वाटते, कारण पुढच्या महिन्यात तीच पुन्हा भरली.

जर्मन पैशाच्या या कार्यक्रमाची पद्धत केंद्र सरकारलाही पटली. १९९९-२००० साली नाबार्डमध्ये २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभा राहिला, तो याच धर्तीवर. परदेशी मदतीचे मोल मी यावरून ठरवतो. पैसा संपल्यावर पद्धत उरली का, एवढेच पाहायचे. काही ठिकाणी ती उरली आणि बदललीही. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत याच कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले, त्यामागे विजयअण्णा बोराडे यांची संस्था होती. तिथे मग द्राक्षे आली, आणि द्राक्षांसाठी शेकडो शेततळी. गाव सधन झाले. पण प्लास्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्याने भरू लागली की मूळ हिशेब उलटा होतो. बांधांची डागडुजी कोणी करायची, हा प्रश्नही प्रत्येक गावात राहिला आहे. पैसा येतो तो नव्या कामासाठी. जुना बांध दुरुस्त करताना फोटो काढायला कोणी येत नाही.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्यपत्रिकेत बारा गोष्टी तपासून लिहिल्या जातात. नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, सामू वगैरे. चांगलीच गोष्ट आहे. त्या बारांत मातीची खोली नाही.

सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ साली आली. वाहून तलावात बसलेली माती उन्हाळ्यात उपसून परत शेतात न्यायची. मागच्या मे महिन्यात जुन्या भागात गेलो होतो, तेव्हा एका पाझर तलावात जेसीबी चालू होता आणि ट्रॉल्यांची रांग लागली होती. एक तिशीतला शेतकरी मुलाच्या शाळेच्या वहीत ट्रॉल्या आणि डिझेल मांडत होता. उतारावरच्या मुरमाड रानात त्याने वीतभर काळा गाळ पसरून घेतला होता. वरच्या अंगाला बांध दिसत नव्हता, म्हणून मी विचारले, पाऊस पडल्यावर हे राहील का?

"बांध घालायचाय काका, पण तो वरच्या गटातनं आखावा लागतोय. त्यांची सही मिळंना," तो म्हणाला, आणि आलेली ट्रॉली कुठे रिकामी करायची ते दाखवायला पुढे गेला.